शेवटचे दुखणे : अफू, कायदा आणि शेजार

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात चळवळीचा इतिहास असतो, विहारासाठी ज्यांनी विटा वाहिल्या त्यांची नावे असतात, धम्मावरचे लेख असतात. ते असायलाच पाहिजेत. यंदा मंडळाची पोरे म्हणाली, "काका, विषय तुमच्या मनाचा घ्या." म्हणून मी असा इतिहास घेतला आहे की ज्याबद्दल आपल्या वस्तीत लिहीत कोणी नाही, पण ज्याचा अनुभव नाही असे घर सापडणार नाही. माणूस आता बरा होणार नाही असे डॉक्टरने सांगितल्यावर त्याच्या उरलेल्या दिवसांचे काय करायचे, त्याच्या वेदनेचे काय करायचे, आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसांचे काय करायचे, याचा हा इतिहास आहे.

इंग्रजीत या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत कोणी उपशामक सेवा म्हणतात, कोणी परिहार सेवा म्हणतात. मूळ शब्द लॅटिन भाषेतल्या 'पॅलियम'वरून आला. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. रोग घालवता येत नसेल तर निदान माणसाला उघड्यावर टाकू नका, अंगावर पांघरूण घाला, असा त्याचा सरळ अर्थ. मी काही डॉक्टर नव्हे. आयुष्य साचेखात्यात गेले, शिक्षण रात्रशाळेचे. पण वाचनालयात बसून जे वाचले आणि चाळीत राहून जे पाहिले ते मांडतो. जाणकारांनी त्यात भर घालावी.

सुरुवात आपल्या घरातूनच करू. हगवण लागलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता आणि भगवान बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला अंघोळ घातली, ही हकीकत विनयपिटकात आहे. बाबासाहेबांनी ती 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही घेतली आहे, त्यामुळे आपल्या पोराबाळांनाही ती ठाऊक आहे. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून धरून त्याला खाटेवर निजवले. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचा भाग मात्र फार कमी सांगितला जातो. आजाऱ्याची शुश्रूषा कोण करू शकतो याचे पाच गुण विनयात सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळले पाहिजे. त्याने मैत्रीने सेवा करावी, लाभाच्या आशेने नव्हे. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढायची त्याला किळस वाटता कामा नये. आणि आजाऱ्याशी वेळोवेळी धम्माचे चार शब्द बोलून त्याचे मन उभारता आले पाहिजे. आज परदेशातून शिकून आलेल्या नर्सबाई याच गोष्टी शिकवतात. आपल्याकडे त्या अडीच हजार वर्षांपूर्वी नियमात बसवल्या होत्या, ही काही लहान गोष्ट नाही.

अंगुत्तर निकायात दुसरी एक हकीकत आहे, ती मला गिरणी कामगार म्हणून फार जवळची वाटते. नकुलपिता नावाचा गृहस्थ अतिशय आजारी पडतो. त्याची बायको नकुलमाता उशाशी बसून सांगते की तुम्ही मनात काळजी ठेवून जाऊ नका. मी कापूस कातते, लोकर पिंजते, तेवढ्यावर मुले सांभाळीन, घर चालवीन. अशा एकेक करून सहा काळज्या ती काढते आणि त्याचे मन हलके होते. तो पुढे बराही झाला, पण ते सोडा. माणसाला शेवटच्या दुखण्यात काय छळते, तर नुसता रोग नव्हे. पोरांचे कसे होईल, खोलीचे भाडे कोण भरील, कर्ज कोण फेडील, हे छळते. नकुलमातेने हे ओळखले होते. विलायतेतल्या डॉक्टरांना ते ओळखायला विसावे शतक उजाडावे लागले.

आता औषधाकडे येऊ, कारण नुसत्या गोड शब्दांनी हाडात शिरलेल्या कॅन्सरची कळ थांबत नाही.

वेदनेवरचे फार जुने आणि आजही खात्रीचे औषध आपल्याच मातीत पिकते. दिवाळीत अनारशाला लावतो ती खसखस ज्या झाडाची, त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की चीक येतो. तो वाळला की अफू. जर्मनीतल्या एका औषधाच्या दुकानात काम शिकणाऱ्या सर्टुर्नर नावाच्या पोराने १८०५ च्या सुमारास या अफूतून तिचे सत्त्व वेगळे काढले. तेच मॉर्फिन. हा पोरगा तेव्हा कुठल्या विद्यापीठात शिकलेला नव्हता हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

त्याच काळात आपल्या देशात अफूवर काय चालले होते? ईस्ट इंडिया कंपनीने १८२० साली गाझीपूरला अफूचा कारखाना काढला. बिहार-बनारसकडची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबईहून बोटीने चीनला जाई. चीनने बंदी घातली तर १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांच्यावर लढाई लादली. मुंबईचे मोठमोठे शेठ या व्यापारात होते. सर जमशेटजी जिजीभाई यांची संपत्ती चीनबरोबरच्या अफू आणि कापसाच्या व्यापारातून आली. त्यांच्याच देणगीतून १८४५ साली जे. जे. हॉस्पिटल उभे राहिले. त्या हॉस्पिटलचे गोरगरिबांवरचे उपकार कोणी नाकारणार नाही, आपल्यापैकी कित्येकांचा जन्मच तिथला. पण पैसा कुठून आला हे माहीत असावे. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे जेवढ्या गिरण्या उभ्या राहिल्या त्यांतही चीनच्या व्यापारात गाठीला आलेला पैसा गुंतलेला होता.

मग ही अफू फिरून आपल्याच चाळीत आली. गिरणीत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बायकांनी तान्ही पोरे ठेवायची कुठे? पाळणाघर नाही, घरी म्हातारे माणूस नाही. तेव्हा पोराला 'बाळगोळी' चारायची. बाळगोळीत अफू असायची. पोर दिवसभर गुंगीत पडून राही, भुकेने रडत नसे. १९२० नंतरच्या सरकारी पाहणीत मुंबईच्या गिरणगावातल्या या प्रकाराची नोंद आहे, आणि १९३१ साली ज्या रॉयल कमिशनने कामगारांच्या स्थितीचा अहवाल दिला त्यानेही यावर लिहिले आहे. आपल्या आज्या-पणज्यांना कोणी दोष देऊ नये. त्यांनी दुसरे काय करायचे होते?

तर भुकेल्या पोराला गप्प ठेवायला या शहरात अफू दुकानावर मिळत होती. पुढे याच शहरात कॅन्सरने तळमळणाऱ्या म्हाताऱ्याला ती औषध म्हणूनसुद्धा मिळेनाशी झाली. हे असे उलटे कसे झाले ते कळण्यासाठी थोडे विलायतेत जाऊन यावे लागेल.

सिसिली साँडर्स नावाची बाई १९१८ सालची. सुखवस्तू घरची. महायुद्धाच्या काळात ती नर्स झाली, पण पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावे लागले. मग ती हॉस्पिटलात समाजसेविका म्हणून काम करू लागली. तिथे तिला डेव्हिड टास्मा नावाचा रोगी भेटला. पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित, हॉटेलात वेटर, वय चाळीस, पोटात कॅन्सर. लंडनमध्ये त्याचे स्वतःचे असे कोणी नव्हते. मरणाऱ्या माणसाला नीट ठेवील अशी जागा कशी असावी यावर त्या दोघांचे तासन् तास बोलणे होई. १९४८ च्या फेब्रुवारीत तो गेला आणि जाताना आपली ५०० पौंडांची शिल्लक तिला देऊन गेला, की तुझ्या त्या घराला माझ्या नावाची एक खिडकी असू दे. राजेमहाराजांनी दिलेल्या देणग्या पुष्कळ वाचल्या, पण एका वेटरने दिलेल्या या देणगीने जेवढे काम केले तेवढे क्वचितच कोणत्या देणगीने केले असेल.

त्यानंतर तिला एका सर्जनने सांगितले की मरणाऱ्याला वाऱ्यावर सोडतात ते डॉक्टरच, तेव्हा तुला काही करायचे तर डॉक्टर हो. ही बाई तिशी उलटल्यावर वैद्यकीच्या वर्गात बसली आणि १९५७ साली डॉक्टर झाली. लंडनच्या पूर्व भागात, गोदी कामगार आणि गोरगरिबांच्या वस्तीलगत, १९०५ पासून आयरिश सिस्टरांनी चालवलेले सेंट जोसेफ्स नावाचे घर होते. मरणाला टेकलेल्या गरिबांना तिथे ठेवून घेत. डॉ. साँडर्स तिथे जाऊन काम करू लागल्या. त्या वेळची हॉस्पिटलची रीत अशी होती की रोगी कळ असह्य होऊन ओरडू लागला की मग इंजेक्शन द्यायचे. त्याचा असर उतरला की पुन्हा ओरडायचे, पुन्हा मागायचे, नर्स येईतो वाट बघायची. डॉ. साँडर्स यांनी सेंट ल्यूक्स नावाच्या दुसऱ्या एका घरात पाहिले होते की तिथे औषध ठरल्या वेळाला देतात, कळ उठण्याच्या आधी. त्यांनी ती पद्धत सेंट जोसेफ्समध्ये आणली आणि प्रत्येक रोग्याच्या नोंदी ठेवल्या. गिरणीचा भोंगा जसा वेळेला होतो, कोणी मागितला म्हणून होत नाही, तसे औषध वेळेवर. दर चार तासांनी, तोंडावाटे, ज्याला जेवढे लागते तेवढे. दिसायला किती साधी गोष्ट. पण तिने रोग्याचा भिकारीपणा संपला. कळ थांबावी म्हणून त्याला कोणापुढे हात पसरावे लागेनात.

१९६७ साली त्यांनी दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. टास्माची खिडकी तिथे बसवली. दोन वर्षांत तिथल्या नर्स घरोघर जाऊ लागल्या. वेदना एका प्रकारची नसते असे त्या शिकवत. शरीराची असते, मनाची असते, घरच्यांची आणि पैशाची असते, आणि आपल्या जगण्याला काही अर्थ होता की नाही अशीही असते. हे सगळे मिळून 'एकूण वेदना'. नकुलमातेची गोष्ट मी वर का सांगितली ते आता ध्यानात येईल. डॉ. साँडर्स २००५ साली वारल्या, त्याच आपल्या हॉस्पिसमध्ये.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेवर एक पुस्तिका काढली आणि सगळ्या जगाला तीन पायऱ्यांची शिडी दाखवली. साधी कळ असेल तर पॅरासिटामॉल किंवा ॲस्पिरिन, त्याने भागले नाही तर कोडीन, त्यानेही भागले नाही तर मॉर्फिन. तोंडावाटे आणि घड्याळाच्या काट्यावर. बहुतेक रोग्यांची कळ एवढ्याने आटोक्यात येते. आणि कॅन्सरच्या बाकीच्या औषधांच्या मानाने मॉर्फिनची गोळी अगदी स्वस्त.

दुर्दैव असे, की ही शिडी जगापुढे आली त्याच सुमाराला आपल्या देशात तिची वरची पायरी काढून घेतली गेली. १९८५ साली संसदेने अमली पदार्थांचा कायदा केला, ज्याला एनडीपीएस म्हणतात. त्या वर्षांत मुंबईत गर्दचा धुमाकूळ चालू होता. आपल्याही गल्लीतली चांगली पोरे गर्दने खाल्ली. तेव्हा कडक कायदा पाहिजे होता, याबद्दल माझे दुमत नाही. पण कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गर्दुल्ला होता, रोगी नव्हता. किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड अशी शिक्षा ठेवली. कागदात जराशी गफलत झाली तरी तेच कलम लागेल की काय, या धास्तीने केमिस्टांनी मॉर्फिन ठेवायचेच बंद केले. हॉस्पिटलला ते आणायचे तर जवळ बाळगण्याचा परवाना वेगळा, आयातीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा. एक राज्य उत्पादन शुल्काकडून, दुसरा औषध नियंत्रकाकडून. प्रत्येकाची मुदत निरनिराळी. शेवटचा परवाना हातात येईतो पहिल्याची मुदत संपलेली. ज्याने रेशनकार्डावर नाव चढवायला खेटे घातले आहेत त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

परिणाम काय झाला? १९८५ च्या मानाने देशातला मॉर्फिनचा औषधी वापर ९७ टक्क्यांनी घटला. १९९७ साली साऱ्या भारतात मिळून अवघे १८ किलो मॉर्फिन वापरले गेले. आपली पोरे विहाराच्या भोजनदानाला याहून जास्त कांदा चिरतात. आणि याच भारतात मंदसौर, नीमच, चितोडगडच्या शेतकऱ्यांकडून सरकार परवान्याने अफू पिकवून घेत होते, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत ती जात होती, आणि तिथून परदेशी औषध कंपन्यांना जहाजाने रवाना होत होती. शंभर वर्षांपूर्वी चीनला जायची, आता युरोप-अमेरिकेला जायची. पिकवणारे आपण, आणि आपल्याच रोग्याला मिळत नाही.

आमच्या खात्यातला एक जोडीदार होता. पंचवीस वर्षे साच्यावर उभा राहिला. तंबाखूची सवय, घशाला कॅन्सर. १९९६ च्या पावसाळ्यात एका हॉस्पिटलने 'आता काही करण्यासारखे नाही, घरी न्या' म्हणून कागदावर लिहून दिले. वेदनेसाठी जी गोळी दिली ती डोकेदुखीला घेतो तीच. दहा बाय बाराची खोली, एक खाट, तिच्यावर तो. बायको खाटेखाली, दोन मुली आणि मुलगा बाहेर गॅलरीत. दोन महिने त्या मजल्यावर रात्री कोणी नीट झोपले नाही. शेजारीण येऊन त्याची ओली चादर बदलून जायची. कोणी पेज आणून द्यायचे, कोणी त्याच्या पोराची फी भरली. माणुसकीत कोणी कमी पडले नाही. पण कळ काही हटली नाही, कारण कळ शेजाऱ्याच्या हातात नव्हती. तो गेला तेव्हा मजल्यावरची म्हातारी माणसे म्हणाली, "सुटला बिचारा." आपण सगळेच असे म्हणतो. मला तेव्हापासून या शब्दाचा राग येतो. रोग बरा होणारा नव्हता, हे कबूल. पण कळ थांबवणारी गोळी जगात होती, तिचा कच्चा माल आपल्या देशात होता, आणि तरी तो तळमळत गेला. याला सुटणे कसे म्हणायचे?

त्याच वेळी या शहरात सगळाच अंधार होता असे मात्र नाही. परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे. तिथले सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला माऊंट मेरीच्या टेकडीवर शांती आवेदना आश्रम सुरू केला. भारतातले हे पहिले हॉस्पिस. जातधर्म न विचारता आणि पैसे न घेता तिथे रोग्याला ठेवून घेतात. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्यांनी शाखा काढल्या. टाटामध्ये १९९६ च्या सुमारास या सेवेचा वेगळा विभाग सुरू झाला. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ साली सिप्ला कंपनीच्या संस्थेने केंद्र काढले. तिथे रोग्याबरोबर घरच्या माणसालाही राहता येते आणि शुश्रूषा कशी करायची ते त्याला शिकवतात. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळाही याच इतिहासात धरली पाहिजे. गावाकडून कॅन्सरचा रोगी घेऊन आलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा आणि पोटाला अन्न मिळाले तर त्याची अर्धी वेदना तिथेच कमी होते. डॉ. साँडर्स यांच्या 'एकूण वेदने'त हेही येते, आणि गाडगेबाबांना ते कोणी शिकवले नव्हते.

आणि परळच्या के. ई. एम.च्या नर्स. अरुणा शानबाग या त्यांच्या सहकारी नर्सवर १९७३ साली हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. २०१५ साली ती वारली. मधली सुमारे ४२ वर्षे नर्सच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला भरवले, धुतले, कूस बदलून दिली. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला अंथरुणाचा व्रण झाला नाही. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळला आहे त्यालाच कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे. कामगार म्हणून मला या बायांचा अभिमान वाटतो.

पण हे सगळे शहरातले आणि संस्थांचे. वस्तीने स्वतः हे काम अंगावर घ्यायचे कसे, हे दाखवले ते केरळने.

कालिकतच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल हे भूल देणारे डॉक्टर होते. त्यांनी, डॉ. सुरेश कुमार यांनी आणि काही स्वयंसेवकांनी १९९३ साली पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. रोग्याला तपासायचे, मॉर्फिनच्या गोळ्या बांधून द्यायच्या आणि घरी पाठवायचे, अशी पद्धत. सरकारी माणसे म्हणत, गरिबाच्या घरी मॉर्फिन दिले तर तो विकून टाकील. गरीब म्हटला की चोर, हे सरकारी कचेऱ्यांत आपल्याला नवे नाही. त्याला उत्तर कालिकतच्या लोकांनी भाषणाने दिले नाही, नोंदवहीने दिले. दोन वर्षांत १७२३ रोग्यांना घरी नेण्यासाठी मॉर्फिन दिले, त्यातली एकही गोळी वाटेत गेल्याचे किंवा तिचा गैरवापर झाल्याचे आढळले नाही. हे सगळे २००१ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आरोप झाला की मोर्चा काढावाच, पण हातात नोंदवही असली तर मोर्चाला जोर येतो.

त्यानंतर मलप्पुरम आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले. आठवड्याला दोन तास देऊ शकेल असा कोणीही माणूस घ्यायचा, शिक्षक, रिक्षावाला, दुकानदार, घरी असलेली बाई. त्याला १६ तासांचे शिक्षण द्यायचे आणि चार दिवस रोग्यांकडे प्रत्यक्ष न्यायचे. मग आपल्या भागात कोण अंथरुणाला खिळले आहे ते त्याने शोधायचे. कोणाच्या घरी तांदूळ नाही, कोणाच्या पोराची शाळा सुटली, कोणाची जखम चिघळली, हे बघायचे. डॉक्टर आणि नर्स या लोकांनीच लोकवर्गणीतून नेमायचे. वर्गणी थोडी थोडी, पण दर महिन्याची. आपण विहार कसा बांधला? असाच. फरक इतकाच की तिथे वर्गणीतून नर्सचा पगार निघतो.

२००८ साली केरळ सरकारने या सेवेचे धोरण जाहीर केले, देशात पहिले. ग्रामपंचायतीमार्फत नर्स घरोघर जाऊ लागल्या. २०१० साली चाळीस देशांत मरणाची परिस्थिती कशी आहे याची एक क्रमवारी निघाली, तिच्यात भारत चाळिसावा होता. त्याच अहवालात केरळचे नाव मात्र कौतुकाने घेतले होते. एकाच देशात हे दोन्ही. महाराष्ट्रानेही २०१२ साली धोरण केले. पण धोरण कागदावरून उतरून आपल्या वॉर्डात येईतो किती वर्षे जातात ते आपण इतर बाबतींत पाहतोच आहोत.

कायद्याची लढाईही चालू होती. आईला कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फिन मिळाले नाही म्हणून एक मुलगा कोर्टात गेला आणि १९९८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने औषध लवकर मिळण्याची व्यवस्था करायला सांगितले. केंद्राने राज्यांना सोपे नियम सुचवले, बऱ्याच राज्यांनी ते गुंडाळून ठेवले. पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने १९८५ च्या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिनसारख्या गरजेच्या औषधांसाठी चार-पाच परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. सहा औषधांची यादी झाली आणि २०१५ साली नियम आले. पण तीस वर्षांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न वापरता शिकून बाहेर पडली. ती भीती दुरुस्तीने जात नाही. २०१७ सालच्या 'लॅन्सेट'च्या आयोगाने हिशेब केला तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशामक औषध पोचत होते.

लोकांची भीतीही तशीच आहे. "मॉर्फिन दिले म्हणजे शेवट आला", "व्यसन लागेल", असे घरचेच म्हणतात आणि गोळी कपाटात लपवून ठेवतात. वेदनेसाठी जाणत्या डॉक्टरने मोजून दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर मरत नाही, तो गर्दुल्लाही होत नाही. बद्धकोष्ठ हमखास होते, म्हणून त्याच्याबरोबर पोट साफ होण्याचे औषध लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने मात्र गोळी वाढवू नये, की मध्येच बंद करू नये.

आणि ही सेवा नुसती कॅन्सरची नव्हे. किडनी गेलेले, लकवा झालेले, हृदय थकलेले, सगळ्यांची आहे. ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये कापसाची धूळ खाल्लेले आपले जुने कामगार आठवा. सुट्टीनंतर कामावर आले की त्यांची छाती भरून यायची. त्यांतल्या कित्येकांना म्हातारपणी दोन पायऱ्या चढवत नाहीत. अशा धापेवरही थोड्या मात्रेत मॉर्फिन चालते, तोंडावर पंख्याचा वारा घेतला तरी बरे वाटते. हे त्यांना कोणी सांगत नाही.

आपल्या लोकांच्या उपयोगी पडावे म्हणून शेवटी एवढी माहिती देतो. वांद्र्याचा शांती आवेदना आश्रम आणि वारजेचे केंद्र या दोन्ही ठिकाणी पैसे पडत नाहीत. दोन्हीकडे मुख्यतः कॅन्सरचे रोगी घेतात. टाटामध्ये ज्याचा केसपेपर आहे त्याने तिथल्या पॅलिएटिव्ह विभागात नाव नोंदवले तर त्यांची माणसे मुंबईत घरीही येतात. हॉस्पिटलने 'घरी न्या' सांगितले की त्याच दिवशी, त्याच खिडकीवर विचारावे की वेदनेचा विभाग कुठे आहे. जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, जुने केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत बरोबर ठेवावीत, आणि रात्री रोग्याला किती वाजता कळ येते ते एका वहीत लिहून न्यावे.